दोर धरणारा आप्पा

उद्यमनगरी

आप्पा गेला. मागच्या मंगळवारी पहाटे, घरीच, झोपेत. हृदयविकाराचा झटका. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. या फोरमवर येणाऱ्यांपैकी बरेच जण कधी ना कधी त्याच्या दोरावर कातळ चढलेत, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. पंचगंगेवर, पेठेत, फौंड्रीच्या गेटवर, जो भेटला त्यानं एकच विचारलं, "कड्यावरनं पडला काय?" नाही. आप्पा कड्यावरून पडला नाही. आयुष्यभर कातळावर चढला आणि त्याच्या दोरावरचा एकही माणूस जायबंदी होऊन घरी गेला नाही. रक्षाविसर्जनाच्या दिवशी कुणीतरी "शेवटी डोंगरानं नेलाच" असं बोललं, ते वहिनींच्या कानावर गेलं. कृपा करून असं कुणी बोलू नका, आणि कुणी बोललं तर तिथल्या तिथे सांगा.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला माणूस. उंचीनं बेताचा, खांदे रुंद, बोटं जाड. लहानपणी तालमीत जायचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला होता. ओतकामात आत भेग राहिली तर वरून दिसतेच असं नाही. भाग टांगून हातोडीनं ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. चांगला असेल तर खणखणतो, भेग असेल तर बद्द वाजतो. आप्पा कातळावरही तेच करायचा. पकड घ्यायच्या आधी बोटांच्या पेरांनी टकटक, मोठा धोंडा असेल तर हॅमरनं. पोकळ वाजला की "ह्यो आपला न्हाई" म्हणून बाजूला. पिटॉन ठोकतानाही कान तिकडेच. खिळा फटीत नीट बसत चालला की प्रत्येक घावाला आवाज चढत जातो. तो चढला नाही तर पिटॉन काढून दुसरी फट शोधायचा, मग खाली आम्ही उन्हात कितीही वेळ उभे असू.

सुरुवात आपल्या सगळ्यांसारखीच, पन्हाळा ते पावनखिंड पावसाळी ट्रेकनं. म्हाळुंगे, मसाई पठार, चिखल, जळवा. तिथून वेड लागलं. बिनपगारी रजा टाकून उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूटचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स केला. परत आला तेव्हा गल्लीत सगळ्यांनी बर्फाबद्दल विचारलं आणि हा गाठींबद्दल सांगत बसला. मग तैलबैला, नागफणी, जीवधनची वानरलिंगी, लिंगाणा. पुण्या-मुंबईच्या पोरांना सुळके जवळ. आप्पाला शनिवारची पाळी संपवून रात्रीची एसटी पकडावी लागायची, आणि सोमवारी सकाळी पुन्हा गेटवर पंचिंग.

आमच्यात सगळ्यात चांगला चढणारा तोच होता, यात वाद नाही. पण मला तो वर गेलेला आठवत नाही. खाली उभा असलेला आठवतो. मान वर, पाय रोवलेले, डावा हात दोराला मार्ग देतोय आणि उजवा, ब्रेकचा हात, मांडीजवळ. पैलवान जसा समोरच्याच्या पायांवरून त्याचा पुढचा डाव ओळखतो, तसा हा चढणाऱ्याची टाच बघून सांगायचा की आता हा घसरणार. माणूस घसरायच्या आधी त्यानं दोर आवळलेला असायचा.

आता दोन गोष्टींवर तुमचं मत हवंय. एक, त्याचं सगळं सामान घरी माळ्यावर आहे. दोर, हार्नेस (अंगावर बांधायचा पट्टा), कॅरॅबिनर (दोर अडकवायची गेटवाली कडी), हेल्मेट, बूट. वहिनी म्हणतात, "भावजी, तुम्हीच सांगा ह्याचं काय करायचं, मला बघवत न्हाई." दोन, पेठेतल्या काही मित्रांना पन्हाळ्याच्या कड्यावर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची आहे. वर्गणीही जमायला लागली आहे. माझं मत पाटीच्या विरोधात आहे, का ते पुढे लिहीन. आधी तुम्ही आठवणी लिहा. वहिनींना आणि मुलीला मी हे सगळं वाचून दाखवणार आहे.

गगनबावडा

विश्वासच बसत नाही. दिवाळीत भवानी मंडपात भेटला होता, "थंडीत बदामीला चल" म्हणाला होता. भावपूर्ण श्रद्धांजली.

कारवी

दादा, मी सध्या पुण्यात असते, कालच कळलं. रात्रभर झोप लागली नाही. मला आप्पाकाकांबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, पण नीट सांगते.

मी अकरावीत होते. कॉलेजच्या शिबिरात काकांनी एकदा कातळावर चढवलं आणि मला दुसरं काही सुचेना. घरी बाबा ठाम नाही म्हणाले. बाबा जिल्हा परिषदेत होते, आयुष्यात कधी गच्चीच्या कठड्यावर वाकले नसतील. काका घरी आले. मला वाटलं, आता समजूत घालतील, सर्टिफिकेटं दाखवतील. काका चहा प्यायले आणि बाबांना म्हणाले, "साहेब, रविवारी तुम्हीच या. पोरीचा दोर तुम्हीच धरा."

बाबा आले. इस्त्रीच्या पँटवर हार्नेस. काकांनी तासभर त्यांना जमिनीवरच शिकवलं. दोर घ्यायचा कसा, सोडायचा कसा, ब्रेकचा हात दोरावरून का सुटायचा नाही. मग मला दहा-बारा फुटांवर पाठवलं आणि म्हणाले, "आता हात सोड." मी सोडले. बाबांनी धरलं. काका बाबांच्या मागे उभे होते, दोराचा सुटा भाग त्यांच्याही हातात होता. बाबांचं काही चुकलं असतं तर मी त्यांच्या हातात होते. पण बाबांचं काही चुकलं नाही.

त्या दिवसापासून घरात एकदाही "नको जाऊ" झालं नाही. बाबा माझ्याआधी उठायचे रविवारी. पुढे किती तरी मुलींच्या वडिलांना, एकदा तर एका आजींना, काकांनी असाच दोर धरायला लावला. लोक पोरांना चढायला शिकवतात. काका घरच्यांना धरायला शिकवायचे. माझ्याबरोबरच्या बऱ्याच मुली त्यामुळेच टिकल्या, नाहीतर दोन रविवारांत संपलं असतं.

बदामीचंही लिहिते. पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात तुम्ही कोल्हापूरचे लोक कुठे चढता, तर मी सांगते, आम्हाला सह्याद्री आणि बदामी दोन्ही बाजूंनी आहेत. घरचे बनशंकरीच्या दर्शनाला म्हणून निघायचे, त्याच जीपमध्ये काका दोर टाकायचे. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट आणि तिथला तांबडा वाळूचा दगड यांत फरक कसा, हे काकांनी हात लावून शिकवलं. तिथे बोटांना घट्ट पकड मिळते, पण पाऊस पडून गेला की तो दगड ओला असताना चढायचं नाही, कारण ओला वाळूचा दगड कच्चा होतो आणि पकडी तुटतात. तुटली की ती वाट कायमची बिघडली. तिथे 'गणेशा' नावाची ८बी प्लस दर्जाची वाट आहे, देशातल्या सगळ्यात अवघड वाटांपैकी. आम्ही कुणी तिच्या वाटेला जाणार नव्हतो. तरी काका दरवेळी खाली उभे राहून ती वाट नजरेनं वरपर्यंत चढायचे, कुठे पाय, कुठे हात, सगळं पुटपुटत. मग बनशंकरीला जाऊन देवळाबाहेर बसणाऱ्या बायकांकडची ज्वारीची भाकरी, दही आणि शेंगाचटणी. काकांना त्यातच सगळं सुख होतं.

डोंगरधार

पुण्याहून लिहितोय. आप्पाशी ओळख लिंगाण्यावर झाली. आम्ही सिंगापूर-मोहरीकडून बोराट्याच्या नाळेनं उतरून गेलो होतो, तो आणि त्याचे तिघे आमच्या पुढे वर होते. लिंगाणा पाहिलेल्यांना माहीत आहे, वाट अरुंद आणि जागोजागी सुटे दगड. वरच्या माणसानं नुसता पाय हलवला तरी खालच्याच्या डोक्यात दगड.

आप्पाला माथा एका दोराच्या अंतरावर राहिला होता. आम्ही खाली बरोबर त्याच्या रेषेत अडकलो होतो, कारण आमच्यातल्या एकाला गोळे आले होते, तो हलेना. वरून आप्पानं हाक दिली, "तुमी निवांत घ्या, आमी थांबलोय." आणि खरोखर थांबला. तासाच्या वर. चारही जण एका अँकरवर, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या एकाच आधारावर, हलायचं नाही, एक खडाही खाली येऊ द्यायचा नाही. आमचा माणूस सावरून बाजूला झाला तोवर सूर्य कलला होता. त्यानं घड्याळ बघितलं आणि पोरांना म्हणाला, "चला, उतरा." त्याच्या पोरांचे चेहरे पडले. कोल्हापुरातून रात्रभर प्रवास करून आलेली पोरं ती. आम्हाला फार वाईट वाटलं, खाली आल्यावर माफी मागितली. तो म्हणाला, "सुळका कुठं पळून चाललाय? तुमचा गडी चालत घरी गेला न्हवं?"

त्यानंतर पुण्यात आला की आमच्याकडे उतरायचा. सह्याद्रीच्या दगडाचं त्याच्याइतकं बारीक ज्ञान असलेला माणूस मी कमी पाहिला. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. दोन थरांच्या मधला भाग बऱ्याचदा कच्चा, तांबूस, मुरमाड. तिथे अँकर लावायचा नाही, तो पट्टा ओलांडून वरच्या घट्ट कातळात लावायचा. पुस्तकात हे सगळं आहे, पण आप्पा ते दुरून, पायथ्यावरून रंग बघून सांगायचा.

सामानाबद्दल वेगळं लिहितो, ते महत्त्वाचं आहे.

वाघबिळाकडचा

आमी खालच्या गावातली माणसं. आप्पाला ल्हानपणापासनं बघतोय. सुरवातीला वाटायचं, ह्या गड्याला कामधंदा न्हाई काय, रविवार आला की दगडाला चिकटतंय. मग वळख झाली.

कड्याला आग्या मोहळं बसत्यात. शहरातनं येणारी पोरं आरडाओरडा करत्यात, शेकोटी करत्यात, सेंट मारून येत्यात. आप्पा आधी आमच्याकडं यायचा, "काका, यंदा कुठल्या बाजूला बसल्यात?" म्हणून इचारायचा. आमी दाखवली की ती बाजू त्या वर्साला बंद. पोरं रुसली तरी बंद. एकदा बाहेरच्या कुणीतरी धूर केला आन् माश्या उठल्या, दोघं-तिघं लय वंगाळ चावून घेतलं. तवा त्यांना पाठंवर घिऊन रस्त्यापतोर आणणारा आप्पाच.

आन् एक. माझ्या धाकट्या भावाची शेळी घळीत उतरली, वर येता यीना, खाली जाता यीना. दोन दिस वरडत होती. आप्पाला फोन केला. रात्रपाळी करून सकाळी आला, न झोपता. दोरावरनं खाली गेला, शेळीला पोत्यात घातलं, पोतं पट्ट्यानं बांधलं, वर घेतलं. भाऊ पैसं द्यायला लागला तर म्हणला, "चा कर." त्या शेळीची पिल्लं आजून हायती दावणीला.

पाटीचं म्हणाल तर कड्यावर नगो. आप्पा सोता दगडावरची रंगानं लिवल्याली नावं ब्रश आन् पाणी घिऊन घासत बसायचा. बदाम, बाण, अमका लव तमकी. घासून घासून हात सोलायचं. त्याच दगडाला आता त्याच्या नावाचं भोक पाडायचं?

पेठेतला

मी पाटीची वर्गणी जमवणाऱ्यांपैकी एक. राग मानू नका, पण आमचंही ऐका. आप्पा आमच्या गल्लीचा. गल्लीत फुटबॉलवाल्यांचे फलक आहेत, पैलवानांचे फोटो तालमीत आहेत. आप्पानं एवढं केलं, त्याची कुठे एक खूण नाही. पेपरात चार ओळी आल्या नाहीत. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरनं २०२२ मध्ये एव्हरेस्ट केलं तेव्हा सगळं शहर आनंदलं, आप्पा तर पेढे वाटत होता. पण कातळावर चढणाऱ्याला शिखराचं नाव नसतं, झेंड्याचा फोटो नसतो. दहा वर्षांनी पोरांना कोण सांगणार की असा एक माणूस होता? म्हणून पाटी. यात चूक काय?

उद्यमनगरी

चूक काहीच नाही, भावा. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण तीन कारणं सांगतो.

पन्हाळा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा कायदा आहे, तिथे परवानगीशिवाय काही ठोकणं, खोदणं, लावणं हा गुन्हा आहे. आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. आता तर एक खिळाही चालणार नाही, आणि चालू नये.

दुसरं, दगड. पन्हाळ्याचा वरचा थर जांभ्याचा. सच्छिद्र, पाणी पिणारा. २०२१ च्या पावसात गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता, आठवत असेल. आप्पा म्हणायचा, जांभ्यात पाडलेलं भोक म्हणजे पावसाला दिलेलं आवताण. तो स्वतः तिथे पिटॉनसुद्धा ठोकत नव्हता. म्हणून तर आम्ही गडाच्या तटाकड्याला कधी हात लावला नाही, दूरच्या कातळावर जायचो.

तिसरं कारण आप्पाचंच आहे. नवीन पोरं आली की तो त्यांना कोंडाजी फर्जंदांची गोष्ट सांगायचा. १६७३ साली अवघे ६० मावळे घेऊन कोंडाजींनी रात्रीत पन्हाळा घेतला. गोष्ट संपली की पोरं विचारायची, बाकीच्यांची नावं काय? आप्पा म्हणायचा, "ठावं न्हाई. पण अंधारात खालच्याला वर घ्यायला कुणीतरी हात दिला असणार न्हवं? मला त्यो गडी बघायचाय." त्याला त्या हात देणाऱ्याचंच अप्रूप होतं.

वर्गणीचे पैसे परत करू नका. त्याचं काय करता येईल ते बोलू.

आंबेवाडीकर

मला वेगळं काहीतरी सांगायचंय. ऑगस्ट २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या आंबेवाडी-चिखलीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. बोटी आल्या, जवान आले, त्यांचे उपकार आहेतच. पण पहिल्या रात्री बोट यायच्या आधी आमच्या गल्लीत कमरेच्या वर पाणी आणि ओढ अशी की म्हातारी माणसं उभी राहिनात. समोरच्या दुमजली घरात गेलं तर जीव वाचणार होता, अंतर एका रस्त्याचं.

आप्पा आणि त्याची चार पोरं कुठून कशी आली देव जाणे. अंगावर हार्नेस, खांद्यावर दोर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोर बांधला, ताणला, आणि एकेकाला त्या दोराला अडकवून पलीकडे नेलं. माझी आई तेव्हा सत्तरीची. तिला अडकवल्यावर त्यानं कॅरॅबिनरचा स्क्रू फिरवला, मग ओढून बघितला, मग माझ्याकडून ओढून घेतला, म्हणाला, "तूबी बघ. माझ्या एकट्याच्या बघण्यावर जाऊ नको." पाण्यात, काळोखात, तेवढ्या घाईत! ते वाक्य मी विसरलो नाही.

पूर ओसरल्यावर मी आभार मानायला घरी गेलो तर अंगणात बसून तो त्याच दोरांचे कोयत्यानं तुकडे करत होता. चांगले महागाचे दोर. मी म्हटलं, धुऊन वाळवा की. तर म्हणाला, त्या पाण्यात डिझेल होतं, गटार होतं, गाड्यांच्या बॅटऱ्यांचं ॲसिड होतं. नायलॉनला ॲसिड लागलं की वरून काही दिसत नाही, आतून धागा मरतो. असा दोर घरात ठेवला तर कुणीतरी कधीतरी वापरणारच, म्हणून तुकडे.

नवे दोर घ्यायला त्याला पुढे बरेच महिने लागले. आम्ही गावकऱ्यांनी पैसे देऊ केले, घेतले नाहीत.

नव्याने_चढणारा

नमस्कार. आमचा कॉलेजचा ग्रुप आहे. आप्पासरांकडे आम्ही याच वर्षी यायला लागलो होतो. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी स्पीड क्लाइंबिंगमध्ये इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोनं ४.७५ सेकंदांत १५ मीटरची भिंत चढून सुवर्ण घेतलं, तो व्हिडिओ सरांनी मोबाइलवर आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवला होता. "आशियातला गडी हाय, आपल्यासारखाच भात खातोय," म्हणायचे. कोल्हापुरात एक चांगली कृत्रिम भिंत व्हावी आणि पालिकेच्या शाळेतली पोरं तिच्यावर चढावीत, हे त्यांचं फार मनात होतं.

आमच्याकडे स्वतःचं सामान नाही. विचारायला संकोच वाटतो, पण सरांचे दोर आणि हार्नेस आम्हाला मिळाले तर आम्ही ते जपून वापरू. त्यांचं सामान त्यांच्याच पोरांच्या अंगावर असावं असं वाटतं.

डोंगरधार

तुमची भावना पोचली. तरी दोर आणि हार्नेस मागू नका. वहिनींनाही माझी विनंती, कुणी कितीही प्रेमानं मागितलं तरी देऊ नका.

दोर, हार्नेस, स्लिंग, हे सगळं विणलेलं सामान. ते न वापरताही वयानं थकतं. बनवणारेच सांगतात की कपाटात पडून राहिलं तरी जास्तीत जास्त दहा वर्षं. आणि वापरलेल्या दोराचं आयुष्य त्यावर किती जोराचे झटके बसले, कुठल्या धारेवर घासला, किती ऊन खाल्लं, यावर ठरतं. हा सगळा इतिहास आप्पाच्या डोक्यात होता. कुठला दोर आता फक्त वरून लावून चढायला वापरायचा, कुठला रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून खाली उतरायचा, न ताणणारा, कुठला लीड करणाऱ्याचा, म्हणजे सगळ्यात पुढे चढणाऱ्याचा, झटका सोसणारा, हे तो सांगायचा. तो गेला, आता त्या दोरांबद्दल सांगणारं कुणी नाही. ज्या दोराचा इतिहास माहीत नाही त्यावर जीव टाकायचा नाही, हा नियम खुद्द त्याचाच. हेल्मेटचंही तसंच.

लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या सामानाचं वेगळं. कॅरॅबिनर, डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन), पिटॉन, हॅमर हे तपासून वापरता येतं. भेग, खोल घासलेली खाच, न मिटणारं गेट असेल तर बाद. बाकी कामाचं.

उद्यमनगरी

डोंगरधार यांच्याशी शंभर टक्के सहमत. कॅरॅबिनर तपासायला मी, आणि फौंड्रीतले त्याचे दोन सहकारी बसतो. आप्पा पोरांना कॅरॅबिनरच्या अंगावरचे आकडे वाचायला लावायचा, इथल्या नव्या मुलांसाठी तेही लिहितो. लांबीच्या दिशेनं साधारण २० किलोन्यूटन किंवा जास्त, म्हणजे दोन हजार किलोच्या आसपास. गेट उघडं राहिलं किंवा आडवा ताण आला तर तोच कॅरॅबिनर ७-८ वर येतो. म्हणजे ताकद एकदम तिसऱ्या हिश्श्यावर. म्हणून तो प्रत्येक वेळी स्क्रू फिरवून पुन्हा ओढून बघायचा. आणि ओतीव हूक, बाजारातली साखळीची कडी असलं काही कुणी जिवासाठी वापरताना दिसलं की त्याचा आवाज चढायचा. "मी रोज ओतीव माल फुटताना बघतोय," म्हणायचा.

सांगलीची_आई

मी चढत नाही. माझा मुलगा बारावीत आहे, सारखं या खेळाचं बोलतो, म्हणून हा धागा वाचत होते. खरं सांगते, भीती वाटते. २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत यांच्यासारखा इतका अनुभवी माणूस गेला, ते वाचलं तेव्हापासून तर जास्तच. तुम्ही सगळे इतकं प्रेमानं लिहिताय, पण धोका आहेच ना?

कारवी

ताई, आहे. नाही म्हटलं तर खोटं होईल. अनुभवी माणसंही जातात. काकांनी कधी कुणाच्या आईवडिलांना "काही होत नाही" असं सांगितलं नाही. ते म्हणायचे, "होऊ शकतंय. म्हणून आपण काय काय करतोय ते बघायला या."

मुलाला कुठे पाठवाल तिथे आधी स्वतः जाऊन बसा. चढायच्या आधी दोघं एकमेकांची गाठ, बकल, लॉक तपासतात का ते बघा. शिकवणारा अनुभवी असला तरी स्वतःची गाठ शिष्याला दाखवतो का ते बघा. काका दाखवायचे. मी सोळा वर्षांची, मला काय कळत होतं, पण ते प्रत्येक वेळी समोर येऊन उभे राहायचे, "बघ, बरोबर हाय का?" आणि मी आठची गाठ बोटानं मोजून "बरोबर" म्हटल्याशिवाय दगडाला हात लावायचे नाहीत. हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यावर आहे का, खाली उभे राहणाऱ्यांच्याही, ते बघा. हे दिसलं नाही तर मुलाला घेऊन परत या, मुलगा कितीही रडला तरी.

सांगलीची_आई

धन्यवाद बाळ. वडिलांनी दोर धरल्याची गोष्ट मी मुलाच्या बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण पुन्हा वाच म्हणाले.

पेठेतला

वाचतोय सगळं. आंबेवाडीकर, पुराचं आम्हाला माहीतच नव्हतं हो. गल्लीत राहून माहीत नाही. आप्पा बोललाच नाही कधी.

पाटीचा आग्रह सोडतो. कड्यावरचा. पण तालमीत त्याचा फोटो लागणार, त्यात कुणी आडवं येऊ नका. पैलवानांच्या शेजारी. तालमीच्या वस्तादांशी बोललोय, ते हो म्हणाले.

उद्यमनगरी

फोटो लागलाच पाहिजे. हसरा नको, वर बघतानाचा लाव, कारवीकडे असेल.

काल वहिनींकडे गेलो होतो. मुलगीही होती. सगळ्यांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. शेळीचं ऐकून वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी चा प्यायला म्हणून थांबला आन् मला सांगितलं ओव्हरटाइम हाय." पुराच्या रात्रीचं अर्धंच माहीत होतं त्यांना, ते दोनदा वाचायला लावलं.

ठरलं ते असं. लोखंडी सामान तपासून, प्रत्येक नगाला खूण करून, कॉलेजच्या ग्रुपला. नोंदवही ठेवायची, कोणी कधी वापरलं ते लिहायचं, मी महिन्याला बघणार. वर्गणीतून एक नवा दोर आणि हेल्मेटं, बिल पेठेतला यांच्याकडे. उरलेल्या पैशांवर त्याच्या मुलीचा हक्क आहे असं मला वाटत होतं, पण वहिनींनी हात जोडून नको म्हटलं, नोकरीतलं जे यायचं ते येतंय म्हणाल्या. जुने दोर मीटर-मीटरचे कापायचे, गाठी शिकायला. ज्यांना हवेत त्यांनी घ्या. चढायला नाही, फक्त गाठीला. बूट मुलीनं ठेवून घेतले.

कापायचं काम रविवारी कातळापाशीच करू. वाघबिळाकडचे काका म्हणाले, यंदा मोहळं पूर्वेच्या अंगाला आहेत, आपण पश्चिमेला बसू. नवी मुलं असतील त्यांना थोडा वेळ चढवू.

वाघबिळाकडचा

या. चा-भाकरीचं आमच्याकडं. किती डोस्की हायत त्ये शनवारी सांजंला कळवा.

कारवी

मी शनिवारी रात्री पोचते. बाबाही येतायत. गुडघ्यांमुळे त्यांना शेवटचा चढ जमेल का बघावं लागेल, पण नव्या पोरांचा दोर धरायला मला घेऊनच चला म्हणतायत. जीपमध्ये दोन जागा ठेवा.

सांगलीची_आई

आम्ही तिघं आलो तर चालेल का? नुसतं बघायला.

उद्यमनगरी

या ताई, नक्की या. मुलाच्या बाबांना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घालून यायला सांगा. पहाटे साडेपाचला गंगावेशीत, दूध कट्ट्यापाशी. जीप पावणेसहाला सुटेल.